ताम्हिणीला कोण भारी? जुनी जीप की नवी थार!

पहिला पाऊस पडला की ग्रुपवर मेसेज येतोच, 'ताम्हिणी कधी?' पुढचा प्रश्न, 'गाडी कोणाची?' कोणाकडे थार असेल तर विषयच संपला. आणि कोणाच्या अंगणात आजोबांची जुनी जीप उभी असेल, तर तिच्यासोबत फक्त फोटो काढायचे!

खरं तर या दोघी एकाच घरातल्या. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे 'सीजे-३बी' हे मॉडेल इथे वर्षानुवर्षं बनत राहिलं. सध्याची तीन दरवाज्यांची थार आली २०२० मध्ये.

इंजिन तेवढंच, पण...

गंमत म्हणजे सीजे-३बीचं पेट्रोल इंजिन २.२ लिटरचं आणि थारचं मोठं डिझेल इंजिनही २.२ लिटरचंच. जीपची ताकद साधारण ७५ हॉर्सपॉवर, थारची १३०. जीपला तीन गिअर, थारला सहा. जीपला पॉवर स्टिअरिंग नाही, एअरबॅग नाही, चारही चाकांना ड्रम ब्रेक. थारला एबीएस, एअरबॅग आणि ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार स्टार. टक्कर झालीच तर कोणत्या गाडीत असावं, यावर वादच नको.

खरी परीक्षा उतारावर

पुण्याहून पौड, मुळशी धरण, ताम्हिणी करत गेलं की रस्ता माणगावच्या दिशेने कोकणात उतरू लागतो. जीपमध्ये हा उतार अंगाला कळतो. इंजिन ओरडतं, स्टिअरिंग हाताला झटके देतं, ब्रेक तापले की पेडल दाबूनही गाडी लवकर थांबत नाही. त्यामुळे ड्रायव्हर आपोआप हळू होतो. म्हणून जुन्या ड्रायव्हरांचा नियम होता, ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा.

थारमध्ये काचा बंद, एसी चालू, गाणी सुरू. साठचा वेग चाळीससारखा वाटतो. पण गाडी जीपपेक्षा कितीतरी जड आहे, म्हणजे थांबवायलाही जास्त जोर लागतो. ओल्या रस्त्यावर एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण टायरची पकड वाढवत नाही. वळण तेच, दरीही तीच.

पाण्याचंही तसंच. थार ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते, असं कंपनी सांगते. पण घाटात रस्त्यावरून वाहणारं पाणी म्हणजे साचलेलं डबकं नव्हे. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत २४ तासांत तब्बल ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला होता. अशा दिवशी दोन फूट वाहतं पाणी मोठी गाडीही ढकलून नेऊ शकतं.

आजोबांची गाडी काढायची?

२०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पण अशी नोंदणी केली की ती रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती अशा मोजक्या कामांसाठीच परवानगी.

तेव्हा ताम्हिणीला थारच न्या. फक्त चालवा जीपसारखी! उतारावर खालचा गिअर, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड. मागच्यांनीही बेल्ट लावा. रील शूट करायची तर गाडी थांबवून. आणि वाहतं पाणी दिसलं की सरळ यू-टर्न. धबधबा काय, पुढच्या रविवारीही तिथेच असतो!