पाळी चंद्रावर चालते का?

दुर्गाडी किल्ल्याखालच्या खाडीला अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतं, कारण तेव्हा चंद्र आणि सूर्याची ओढ एका रेषेत येते. पाळीचंही तसंच असेल? चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा आणि पाळीचं चक्रही सरासरी २९ दिवसांच्या आसपास, म्हणून हा समज रुजला. पण प्रौढ स्त्रीचं २४ ते ३८ दिवसांचं चक्र निरोगीच. त्याची सूत्रं मेंदू आणि अंडाशयाच्या संप्रेरकांकडे असतात. बीज सुटण्याआधीचा काळ ताणाने, आजारपणाने लांबतो. नंतरचा बहुधा दोन आठवड्यांचाच. २०२१ च्या एका अभ्यासात काहींची पाळी मधूनमधून चंद्राशी जुळली, पण त्यात स्त्रिया अवघ्या २२. मुलींनो, तिथीपेक्षा कॅलेंडरवर पाळीची तारीख मांडा. सलग तीन महिने आली नाही, तर डॉक्टरांना ते पान दाखवा.