आघाडीचे शासन आणि डिझेलचे अर्थसहाय्य

शासनाने काटकसर करावी याविषयी सहसा कोणाचे दुमत नसते. मतभेद सुरू होतात ते नेमका कोणता खर्च कमी करावयाचा, या प्रश्नावर. अनेक पक्षांची आघाडी सत्तेवर असेल, तर या प्रश्नाच्या उत्तरावर कित्येकदा शासनाचे अस्तित्वच अवलंबून राहते. २०१२ ते २०१४ या काळात केंद्र शासनाने डिझेलच्या दराबाबत घेतलेले निर्णय या दृष्टीने उद्बोधक आहेत.

पेच कसा निर्माण झाला?

डिझेल शेतकऱ्याच्या पंपाला लागते, मालमोटारीला लागते आणि एस. टी. लाही लागते. त्यामुळे त्याचा विक्रीदर प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी ठेवण्याचे धोरण दीर्घकाळ चालू होते. खर्च आणि दर यांतील अंतर काही अंशी केंद्राच्या तिजोरीतून व काही अंशी सार्वजनिक क्षेत्रातील तेल उत्पादक कंपन्यांकडून भरून काढले जाई. २०१२-१३ मध्ये डिझेल, घरगुती गॅस व रॉकेल यांवरील हे अंतर सुमारे १ लाख ६१ हजार कोटी रुपये झाले. त्यात निम्म्याहून अधिक वाटा एकट्या डिझेलचा होता. विशेष म्हणजे या सवलतीचा लाभ अल्पभूधारकाप्रमाणेच महागड्या मोटारीच्या मालकासही मिळत असे.

डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सप्टेंबर २०१२ मध्ये धोक्याची सूचना दिली. वेळीच उपाय न योजल्यास वित्तीय तूट देशांतर्गत उत्पादनाच्या ५.१ टक्के या अपेक्षित मर्यादेऐवजी ६.१ टक्क्यांपर्यंत जाईल, असे तिचे अनुमान होते.

एक निर्णय, एक घटक पक्ष

त्याच महिन्यात डिझेलच्या दरात लिटरमागे ५ रुपयांची वाढ करण्यात आली आणि सवलतीच्या गॅस सिलिंडरची संख्या प्रत्येक कुटुंबास वर्षाला ६ अशी मर्यादित करण्यात आली. हे निर्णय, तसेच किरकोळ व्यापारात परकीय गुंतवणुकीस दिलेली परवानगी मान्य नसल्याने, १९ खासदार असलेल्या तृणमूल काँग्रेसने संयुक्त पुरोगामी आघाडीचा पाठिंबा काढून घेतला. शासन टिकले, ते बाहेरून पाठिंबा देणाऱ्या पक्षांच्या आधारावर.

त्यानंतर शासनाने मार्ग बदलला. जानेवारी २०१३ पासून सर्वसामान्य ग्राहकांसाठी डिझेलचा दर महिन्याला सुमारे ५० पैशांनी वाढविण्याची मुभा तेल कंपन्यांना देण्यात आली. रेल्वे, राज्य परिवहन संस्था यांसारख्या घाऊक ग्राहकांना मात्र तात्काळ पूर्ण दर लागू झाला. एकाच वेळी ५ रुपयांची वाढ आघाडी मोडण्यास कारण ठरली होती. दरमहा ५० पैशांची वाढ मात्र दीड वर्षाहून अधिक काळ चालू राहू शकली.

तडजोडीची किंमत

अर्थात या मार्गालाही मोल द्यावे लागले. सवलतीच्या सिलिंडरची मर्यादा ६ वरून ९ आणि जानेवारी २०१४ मध्ये, लोकसभा निवडणूक जवळ आली असताना, १२ करावी लागली. २०१३ मध्ये रुपयाची घसरण झाल्याने डिझेलमधील अंतर पुन्हा वाढले. २०१२-१३ ची वित्तीय तूट ५ टक्क्यांच्या आत राहिली खरी. पण त्यासाठी योजनांतर्गत खर्चालाही कात्री लावावी लागली. अर्थसहाय्य जेथे आटोक्यात येत नाही, तेथे कात्री अखेर विकासकार्यावर चालते, हा यातील ध्यानात घेण्याजोगा भाग होय.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले. तोवर केंद्रात सत्तांतर झाले होते आणि सत्तारूढ पक्षास लोकसभेत स्वबळावर बहुमत होते. परंतु जागतिक बाजारातील तेलाच्या किमतीत झालेली घट आणि आधीची मासिक दरवाढ यांमुळे खर्च व दर यांतील अंतर त्यावेळी मिटले होते. म्हणजेच, अप्रिय असा पुष्कळसा भाग बहुमतासाठी इतरांवर विसंबून असलेल्या शासनानेच पार पाडला होता.

आघाडीच्या राजकारणात खर्चाची सुधारणा अशक्य असते, असे या अनुभवावरून म्हणता येत नाही. मात्र ती लहान टप्प्यांनी व पूर्वसूचना देऊन करावी लागते, आणि मित्रपक्षांना दिलेल्या प्रत्येक सवलतीचा हिशेबही जनतेसमोर ठेवावा लागतो. कारण ती सवलत शेवटी जनतेच्याच पैशातून दिली जात असते.