ऑर्डर झाली

सकाळी 9:30. हिंजवडीतल्या ऑफिसात आल्याबरोबर आधी काफ्काचा लॅग, म्हणजे अजून न वाचलेल्या नोंदींचा आकडा, बघतो. रात्री एसएमएस पाठवणारी सर्व्हिस देखभालीसाठी बंद होती, तरी ऑर्डरी थांबल्या नाहीत. ऑर्डर सर्व्हिसला एसएमएसचा पत्ताच नाही. 'ऑर्डर झाली' एवढी नोंद टॉपिकवर टाकून ती पुढच्या कामाला लागते. सेटिंग बदललं नसेल तर काफ्का नोंदी 168 तास जपतो. आता साचलेल्या नोंदी उपसल्या जातायत, लॅग उतरतोय.

11:00. कोड रिव्ह्यू. टीममधल्या नव्या मुलीने ऑर्डरच्या कोडमधून गिऱ्हाइकाचे पॉइंट्स जमा करणाऱ्या सर्व्हिसला थेट कॉल केलाय.

"एकच तर ओळ आहे."

"अगं, उद्या इनव्हॉइसची ओळ येईल, परवा गोदामाची. त्यातलं एक अडकलं की गिऱ्हाईक पेमेंटच्या पानावर ताटकळणार."

ती ऑब्झर्व्हर पॅटर्न सुचवते. गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस यांच्या 1994 च्या पुस्तकातला. दिशा बरोबर आहे. पण तिथे सब्जेक्ट ऑब्झर्व्हरांची यादी स्वतःकडे ठेवतो आणि एकेकाला स्वतःच कळवतो. आमच्याकडे मध्ये काफ्काचा ब्रोकर आहे. कोण ऐकतंय हे पाठवणाऱ्याला कळायचं कारणच नाही.

2:15. जेवणानंतर दिवसातलं अवघड काम. एका ऑर्डरचे पॉइंट्स दोनदा जमा झालेत. कन्झ्युमरने पॉइंट्स लिहिले, ऑफसेट, म्हणजे कुठवर वाचलं याची खूण, कमिट करण्याआधीच तो बंद पडला, आणि पुन्हा सुरू झाल्यावर तीच नोंद त्याच्या हाती आली. नोंद किमान एकदा पोचेल, एवढीच इथे हमी असते. दुबार आलेली ओळखणं घेणाऱ्याच्या अंगावर. म्हणून प्रत्येक इव्हेंटचा आयडी युनिक की लावलेल्या टेबलात, आणि तोही पॉइंट्सच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायचा. आयडी आधीच असला तर नोंद सोडून द्यायची. सर्व्हिसेस एकमेकींपासून सुट्या करण्याची ही किंमत आहे. सुटेपणाचं कौतुक सगळे करतात, हे टेबल मात्र 'नंतर बघू'त राहतं, याचा मला खरंच त्रास होतो.

4:30. आता उलट बाजू. ऑर्डर डेटाबेसात गेली आणि काफ्काला कळवण्याआधी सर्व्हर बसला तर? त्यासाठी आउटबॉक्स: ऑर्डर आणि नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये दोन टेबलांत. पुढे डेबेझियम हे टूल डेटाबेसचा लॉग वाचून नोंद काफ्कात पोचवतं.

6:00. टॉपिकच्या पार्टिशनची की ऑर्डर आयडीच आहे ना, एवढं तपासतो. क्रम एका पार्टिशनपुरताच टिकतो, आणि 'ऑर्डर रद्द' ही नोंद 'ऑर्डर झाली'च्या आधी पोचून चालणार नाही.

6:45. अकाउंट्सवाल्यांना गेल्या आठवड्याचा रिपोर्ट हवाय. नवा कन्झ्युमर ग्रुप लावला, सर्वांत जुन्या ऑफसेटपासून वाचायला सांगितलं. ऑर्डर सर्व्हिसच्या कोडला हात लावावा लागला नाही.