कासव बघायला जाताय? आधी मोबाईलचा टॉर्च बंद करा

वडसा ते वेळास म्हणजे महाराष्ट्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तरी रील बघून आपल्याकडची पोरं मार्चमध्ये तिकडं जायचा प्लॅन करतात. म्हणून आजचा एपिसोड.

पहिले एक गोंधळ मिटवू. डायव्हरशेजारून पोहणारं, समुद्री गवत खाणारं मोठं कासव म्हणजे ग्रीन टर्टल. ते बघायला लक्षद्वीपचं अगत्ती बेट. वेळासला अंडी घालतं ते ऑलिव्ह रिडले. भाऊ काटदरे यांच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांसोबत तिथली घरटी राखली. त्यातूनच २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला.

आता टॉर्चचं. वाळूतून वर आलेलं पिल्लू उजेडाच्या दिशेनं चालतं. अंधाऱ्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ बाजू समुद्राचीच असते. तुम्ही फ्लॅश मारला की इनपुटच चुकलं! ते उलटं फिरतं, आणि मग कुत्रे, कावळे, ऊन. पोटात उरलेल्या बलकावरच त्याला सुरुवातीचे दिवस पोहून खोल पाणी गाठायचं असतं. वाटेत चार्जर नाही. फोटोसाठी उचललं की ते हवेतच पाय मारत बसतं, बॅटरी तिथंच उतरते. समुद्री कासवं १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा हात लावणं अंगाशी येऊ शकतं. आणि दोरीच्या आत जाऊ नका, भाऊ. आपल्या पावलाचा खड्डा म्हणजे त्या पिल्लासाठी विहीर.

पाण्यात ग्रीन टर्टल दिसलंच तर? ते फुफ्फुसानं श्वास घेतं, वर यावंच लागतं. त्यामुळं बरोबर त्याच्या डोक्यावर तरंगू नका, मागं लागू नका, चौघांनी घेरू नका. बाजूला शांत राहा. ते चरत राहिलं तर तुमचं अंतर बरोबर. चरणं सोडून निघालं तर तुम्ही जास्त जवळ गेलात.

माझ्या आवडीचा भाग म्हणजे ट्रॅकिंग. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवला, नाव ‘प्रथमा’. पाण्याखालून सिग्नल जात नाही. ती श्वासाला वर आली की तेवढ्यात लोकेशन जायचं.

जायचं असेल तर आधी गावात फोन करून विचारा. अंडी साधारण दीड-दोन महिन्यांनी फुटतात, पण नेमका दिवस वाळूच्या उष्णतेवर ठरतो. म्हणून दोन दिवस हाताशी ठेवून जा.