महामारीच्या काळातील किशोरवयीनांचे ज्ञान, दृष्टिकोन व वर्तन

महामारीच्या काळातील किशोरवयीनांचे ज्ञान, दृष्टिकोन व वर्तन हा सार्वजनिक आरोग्य आणि मानसशास्त्र यांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार १० ते १९ वर्षे हे किशोरवय होय. व्यक्तीला रोगाविषयी काय माहीत आहे, त्याबद्दल काय वाटते आणि ती प्रत्यक्षात कशी वागते, हे प्रश्नावलीद्वारे तपासण्याची पद्धत कुटुंबनियोजनाच्या अभ्यासांत रुजली व पुढे साथरोगांसाठीही वापरली जाऊ लागली.

माहिती मिळाली की वर्तन बदलते, हे या पद्धतीमागील जुने गृहीतक किशोरवयीनांच्या बाबतीत अपुरे ठरते. २००५ साली मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, समवयस्क सोबत असताना किशोरवयीनांनी प्रौढांपेक्षा अधिक धोका पत्करला. धोक्याची जाण आणि मित्रांची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

==अमेरिकेतील सर्वेक्षण==
कोविड-१९ मुळे अमेरिकेत १३ मार्च २०२० रोजी राष्ट्रीय आणीबाणी घोषित झाली. त्यानंतर आठवडाभरातच, २० ते २२ मार्च दरम्यान, बेंजामिन ऊस्टरहॉफ व कारा पामर यांनी ७७० किशोरवयीनांची ऑनलाइन पाहणी केली. सुमारे ८९ टक्के मुले बातम्यांवर लक्ष ठेवून होती; मात्र सुमारे ६९ टक्के मुले सामाजिक अंतर पूर्णपणे पाळत नव्हती. सुमारे २० टक्के मुलांनी वस्तूंचा साठा केल्याचे सांगितले. रोग गंभीर आहे असे मानणारी मुले अंतर अधिक पाळत होती. स्वहिताला महत्त्व देणाऱ्यांत अंतर पाळणे कमी आणि साठेबाजी अधिक आढळली.

याच काळातील माहितीवर आधारित दुसऱ्या लेखात अंतर पाळण्याची कारणे विचारली होती. थोडेफार अंतर जवळजवळ सर्वच मुले पाळत होती. सामाजिक जबाबदारी आणि इतरांना आजार होऊ नये ही इच्छा, ही कारणे प्रत्येकी सुमारे ७८ टक्के मुलांनी दिली. बेफिकीर तरुणाई या तेव्हाच्या प्रचलित चित्राशी हे जुळत नाही. अर्थात सहभागी मुले समाजमाध्यमांतून निवडलेली होती व उत्तरे त्यांनी स्वतःच दिलेली होती, त्यामुळे हे आकडे सर्व अमेरिकी मुलांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

==भारतातील परिस्थिती==
भारतात २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. शाळाही बंद असल्याने मुलांचे घरी राहणे हा त्यांचा निर्णय नव्हता. साहजिकच या काळातील वर्तनावरून त्यांच्या दृष्टिकोनाचा अंदाज बांधणे कठीण आहे. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०२१ मधील दहावी व बारावीच्या परीक्षाही रद्द झाल्या.

ऐच्छिक निर्णयाचा प्रश्न लसीकरणात पुढे आला. १५ ते १८ वयोगटासाठी ते ३ जानेवारी २०२२ रोजी सुरू झाले. २००७ किंवा त्यापूर्वी जन्मलेल्यांना को-विन संकेतस्थळावर नोंदणी करता येत असे व कोव्हॅक्सिन ही लस दिली जाई. १२ ते १४ वयोगटाला १६ मार्च २०२२ पासून कोर्बेव्हॅक्स देण्यात आली.