पापा, बाबा, मामा : ओठ मात्र एकच

आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘पापा’, ‘बाबा’, ‘मामा’ म्हणून पाहा. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात, सारखेच उघडतात. ‘ब’ला स्वरयंत्र थरथरतं, ‘प’ला नाही, ‘म’ची हवा नाकावाटे जाते. यातलं चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. म्हणजे ओठ वाचणाऱ्या कर्णबधिराला अख्खा ‘प’वर्ग एकच अक्षर! ‘क’वर्गाची गत त्याहून वाईट. तो आत, घशाशी उच्चारला जातो. ओठांवर त्याचा पत्ताच नसतो.

तेव्हा ओष्ठवाचनात वाचन थोडं, अंदाज फार. विषय ठाऊक असेल तर मेंदू गाळलेल्या जागा भरतो. हैदराबादेत तेही सोपं नाही. काचीगुड्यातल्या मराठी घरातून बाहेर पडलं की दुकानात तेलुगू, ऑटोत दखनी. तेलुगूतलं ‘पालु’, म्हणजे दूध, आणि दखनीतला ‘भालू’ ओठांवर जवळपास सारखेच. आधी भाषा ताडायची, मग शब्द.

ऐकू येणारेही नकळत ओठ वाचतात. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी १९७६ मध्ये दाखवलं, की कानावर ‘बा’ पडत असताना पडद्यावरचे ओठ ‘गा’ म्हणत असतील, तर अनेकांना चक्क ‘दा’ ऐकू येतं. योगायोग असा, की त्याच वर्षी महाराष्ट्राचे राज्यपाल, मूळचे हैदराबादचे अली यावर जंग यांचं निधन झालं. वाचा-श्रवणदोषांवर काम करणारी वांद्र्याची राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये उभी राहिली. ती त्यांच्या नावाची. तिचं दक्षिणेतलं केंद्र सिकंदराबादला, मनोविकास नगरात आहे.

कर्णबधिरांच्या शिक्षणावर मिलानला भरलेल्या १८८० च्या परिषदेनं त्यांच्या शाळांमधून खुणांची भाषा हद्दपार करून मुलांना केवळ ओठांच्या भरवशावर सोडलं. मला तो शुद्ध अन्याय वाटतो. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाच्या हाती आधी एखादी भाषा हवी. तीच नसेल तर अंदाज बांधायचा कशाच्या जोरावर?

बोलणाऱ्यानंही थोडं सांभाळावं. उजेड स्वतःच्या तोंडावर घ्यावा, पाठीमागे नव्हे. ओरडू नये, ओठ वेडेवाकडे होतात. आणि ‘भात?’ कळलं नाही तर तेच दहादा न म्हणता ‘जेवायला भात वाढू का?’ असं विचारावं. एकटा ‘भात’ हा ‘पात’ही दिसतो आणि ‘मात’ही.