कात्री लागण्याआधी

मंगळागौरीला आलेला खण, भाऊबीजेचा ड्रेसपीस, हौसेनं घेतलेलं इकत. ‘शिवायला टाकायचंय’ असं म्हणता म्हणता कपाटातल्या घडीवर पिवळी रेघ उमटते. तयार ड्रेस घालून आरशात बघता येतं. शिवायला टाकताना मात्र आधी कापड सोपवायचं आणि मग वाट बघायची, त्यामुळे मन कचरतं. या कचरण्यामागे काही ऐकीव समजुती आहेत, त्या एकेक करून तपासू.

गैरसमज : माझं अंग मापात नाही. आधी थोडं वजन उतरू दे.

वस्तुस्थिती : ‘मापातलं अंग’ प्रत्यक्षात सापडत नाही. अमेरिकेच्या हवाई दलात १९५० साली ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली गेली. गिल्बर्ट डॅनियल्स या संशोधकानं त्यांतली १० मापं निवडली आणि सगळ्या दहांत सरासरीच्या आसपास बसणारे किती, ते मोजलं. असा एकही वैमानिक निघाला नाही. आपल्याकडे तर भारतीय बांध्याचा स्वतःचा आकारतक्ताच नव्हता. तो तयार करण्यासाठी ‘निफ्ट’ या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं २०१८ मध्ये २५ हजार लोकांची मापं घेण्याचा प्रकल्प जाहीर केला. एका दुकानात ‘एम’ बसतो आणि दुसऱ्या दुकानात ‘एक्सएल’ही दंडाला काचतो, यात दंडाचा काही दोष नाही. एक खांदा किंचित उतरता असणं, छातीच्या मानानं कंबर मोठी असणं हे टेलरच्या रोजच्या पाहण्यातलं आहे. शिवून घेण्याचा खरा फायदा अशाच अंगाला होतो.

गैरसमज : जुना ड्रेस मापाला दिला की काम झालं.

वस्तुस्थिती : तो ड्रेस नीट बसत असेल आणि नवं कापड त्याच जातीचं असेल, तरच. ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या कुर्त्यावरून सुती कुर्ता बेतला, तर हात वर करताना मुंढ्यात ओढ बसते. अंगाचं माप आणि कपड्याचं माप यांतही फरक असतो. ३६ इंच छातीला साधा सुती कुर्ता साधारण ३८ ते ४० इंचांचा ठेवतात, कारण श्वास घ्यायला, बसायला आणि वाकायला जागा लागते. ही जागा कुणाला जास्त आवडते, कुणाला कमी, आणि ती आवड टेप सांगत नाही. ती आपणच सांगायची. माप देताना पोट आत ओढू नये आणि ड्रेसखाली जे अंतर्वस्त्र घालणार तेच घालून जावं.

गैरसमज : माप द्यायला लाज वाटते, पण इलाज नाही.

वस्तुस्थिती : इलाज आहे. माप बाईनं घ्यावं असं सांगता येतं. बायका चालवतात अशी शिवणाची दुकानं गल्लोगल्ली आहेत. घरी बहिणीकडून मापं घेऊन कागदावर लिहून नेता येतात. टेलरकडे जाताना सोबत कुणाला नेलं, तरी कुणी नावं ठेवत नाही.

गैरसमज : फोटो दाखवला की हुबेहूब तसाच ड्रेस होतो.

वस्तुस्थिती : फोटोत नमुना दिसतो, पण कापडाचा स्वभाव दिसत नाही. जॉर्जेटचा घेर अंगावरून ओघळतो, तर कडक सुती कापडाचा तोच घेर छत्रीसारखा उभा राहतो. उरेब, म्हणजे तिरका कापलेला घेर सुंदर पडतो, पण त्याला कापड जास्त लागतं. म्हणून दुकानात पन्हा विचारावा. ४४ इंची पन्ह्याचं अडीच मीटर कापड साध्या कुर्त्याला बहुधा पुरतं, ३६ इंची असेल तर जास्त घ्यावं लागतं. उभ्या रेघा किंवा एकाच दिशेची नक्षी जुळवायची असेल, तर आणखी थोडं. नमुना आधी ठरवून मग कापड घेतलं, तर निम्मी निराशा टळते.

गैरसमज : बिघडलं की कापड गेलं.

वस्तुस्थिती : शिवण उसवता येते, कापलेलं मात्र पुन्हा अखंड होत नाही. म्हणून प्रश्न, शंका आणि हट्ट सगळं कात्री लागण्याआधीच उरकावं. घट्ट झालेली कूस, लांब बाही, जास्त उंची हे नंतर दुरुस्त होतं. खोल कापलेला गळा आणि अरुंद कापलेला खांदा भरून काढणं अवघड. म्हणून गळ्याची खोली ‘थोडी’, ‘मध्यम’ अशी न सांगता इंचांत सांगावी. कच्ची शिलाई घालून ट्रायल मागावी आणि ट्रायलला नुसतं उभं न राहता बसून, वाकून, हात वर करून बघावं.

सुती कापड आणि अस्तर, दोन्ही आधी भिजवून वाळवून द्यावं. कापड उंचीत ५ टक्के आटलं, तर ४४ इंची कुर्ता २ इंचांहून जास्त आखूड होतो. नुसतं अस्तर आटलं, तर वरच्या कापडाला चुण्या पडतात. रेशमाला मात्र हा प्रयोग करू नये.

गैरसमज : शिवून घेणं महागच पडतं.

वस्तुस्थिती : सेलमधल्या कुर्त्याशी तुलना केली तर हो, पुष्कळदा महाग पडतं. कापड, अस्तर, शिलाई, लेस, बटणं यांची बेरीज आधीच करावी आणि शिलाईत अस्तर धरलंय का, तेही विचारावं. पण हिशेबाला दुसरी बाजूही आहे. तयार कपड्याच्या शिवणीत कापड जेमतेम असतं. टेलरला सांगितलं, तर तो आत दाब ठेवतो. दोन्ही कुशींत पुढचे-मागचे मिळून चार पदर येतात. प्रत्येकातून अर्धा इंच सोडला, तरी घेर २ इंचांनी वाढतो. दोन वर्षांनी अंग भरलं, तरी ड्रेस अंगाबरोबर राहतो.

गैरसमज : टेलर कधीच वेळेवर देत नाहीत.

वस्तुस्थिती : या समजुतीत तथ्य आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण गणपती, दिवाळी आणि लग्नसराईच्या तोंडावर कापड टाकणारेही आपणच. मधल्या मोकळ्या दिवसांत जावं आणि ट्रायलची तारीख पावतीवर लिहून घ्यावी.

शेवटची गोष्ट. नव्या टेलरकडे पहिल्याच भेटीत पैठणीचा ब्लाउजपीस नेऊ नये. साधं सुती कापड न्यावं, शिवून आलं की धुवावं, घालून दिवसभर वावरावं. जिथं खटकेल तिथं खूण करून परत जावं आणि टेलरच्या वहीतलं माप दुरुस्त करून घ्यावं. दोन फेऱ्यांत त्या वहीत तुमचं खरं माप उतरतं. मग मंगळागौरीच्या खणाची घडी खुशाल मोडा.